बरी झालेली मुलं

रणजितनं ब्रेक मारलाच नव्हता. ब्रेक गाडीनं मारला.

कराडच्या शनिवार पेठेतून तो रोजच्यासारखा मनवाला शाळेतून घेऊन निघाला होता. मनवा सात वर्षांची, आणि तिची जागा ठरलेली: पुढे, बापाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, हँडल धरून उभी. मागे बसलं की काही दिसत नाही म्हणे. आपल्याकडे पोरं अशीच उभी राहत आली. स्कूटर पेट्रोलवर चालायची तेव्हाही, आणि आता विजेवर चालून अर्धी शहाणी झाली आहे तरीही. तर कुत्रं आडवं आलं. ते रणजितला दिसायच्या आत गाडीला दिसलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. कुत्रं वाचलं. रणजितला खरचटलंही नाही, कारण या नव्या स्कूटरच्या सीटला असतो तो पट्टा तेवढ्यात आवळला गेला होता. ज्या कुणी शहाण्यानं ती गाडी बनवली त्यानं सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाची काळजी घेतली होती. सीटच्या पुढे कुणी उभं असेल, हे त्या बापड्याच्या स्वप्नातही आलं नसावं. मनवाची हनुवटी हँडलच्या मधोमध आपटली.

रणजितनं पहिला फोन बायकोला नाही, बहिणीला केला. त्याची थोरली बहीण, डॉक्टर केतकी जगदाळे, गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात जबड्याची सर्जन होती. अपघातात मोडलेले लहान मुलांचे जबडे बसवणं हेच तिचं काम. हायवे जवळ असल्यामुळे त्या कामाला खंड नव्हता.

"ताई, मनवाच्या हनुवटीला लागलंय. तोंड उघडत नाहीये."

"पुढे उभी होती?"

रणजितनं रुमाल मनवाच्या हनुवटीवर आणखी दाबला.

"किती वेळा सांगितलं होतं तुला!" केतकी ओरडली आणि मग स्वतःलाच म्हणाली, आता ओरडून काय उपयोग. "घेऊन ये. तिला काही खायला-प्यायला देऊ नकोस."

मनवाच्या हनुवटीखाली टाके पडले, ते फारसं काही नव्हतं. खरी गोष्ट निघाली ती कानापुढे. हनुवटीवर बसलेला मार हनुवटीवर थांबत नाही. तो जबड्याच्या हाडातून वर चढतो आणि कानाच्या पुढे, जिथे जबडा कवटीला टेकतो, तिथे जाऊन फुटतो. तिथे दोन्ही बाजूंना हाडाचं एक एक बोंड असतं. मनवाचं डावं बोंड देठाशी मोडून आत कललं होतं.

मोठ्या माणसाचं असं काही मोडलं तर सर्जन पट्टी आणि स्क्रू मारून मोकळे होतात. लहान मुलाचं तसं नसतं. त्याच्या जबड्यात पक्क्या दातांचे अंकुर दाटीवाटीनं बसलेले असतात, आणि त्या बोंडातूनच जबड्याची वाढ होत असते. पण मुलांच्या हाडाची एक कमाल असते. ते मोडलं तरी हलत ठेवलं, तर स्वतःच स्वतःला पुन्हा घडवतं. चार दिवस पातळ खाणं, मग रोज तोंड उघडायचा व्यायाम, आणि वाढ पुरी होईपर्यंत अधूनमधून तपासणी. बस. मात्र व्यायाम सुटला, तोंड मिटून राहिलं, तर तो सांधा जखडतो. मग त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी हळूहळू त्या बाजूला सरकत जाते. केतकीनं असे कितीतरी जबडे नुसत्या व्यायामावर बरे केले होते. मनवाला बघून तिचा जीव भांड्यात पडला होता. हे आपल्याला जमतं, असं तिला वाटलं.

पण नात्यातला पेशंट असला की निर्णय दुसऱ्या डॉक्टरनं घ्यायचा, हा इस्पितळाचा नियम. मनवा गेली डॉक्टर इमरान मुजावरकडे. इमरान केतकीचाच विद्यार्थी, हाताचा हुशार, स्वभावानं मऊ. आणि इमरानच्या खोलीत होतं मुखवेध.

मुखवेध म्हणजे भविष्यातला चेहरा काढणारं यंत्र. मुलाचा आजचा स्कॅन द्यायचा, आईबापांचे चेहरे दाखवायचे, की ते सांगतं: असा उपचार केलात तर हे मूल अठराव्या वर्षी असं दिसेल, तसा केलात तर तसं. हजारो मुलांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन बघून ते शिकलेलं होतं. उपचार ठरवण्याआधी ही चित्रं पालकांना दाखवायचीच, असा आता कायदा होता. आणि गंमत बघा, हे यंत्र इस्पितळात यावं म्हणून सगळ्यांत जास्त भांडली होती ती केतकीच. त्याला शिकवायला आपल्याकडचे सगळे स्कॅन तिनं हौसेनं पाठवले होते.

इमराननं दोन चित्रं पडद्यावर आणली. मनवाची आई वृषाली खुर्चीच्या कडेवर बसली होती, रणजित भिंतीला टेकून उभा.

उजवीकडे ऑपरेशन केलेली मनवा. कानामागून यंत्राचा बारीक हात घालून बोंड जागेवर बसवायचं, विरघळणारी पट्टी लावायची. अठरा वर्षांची ती पोरगी सरळ, देखणी, थेट वृषालीवर गेलेली.

डावीकडे ऑपरेशन न केलेली मनवा. तेच डोळे, तेच केस. पण हनुवटी डावीकडे घसरलेली, ओठ तिरपे, आणि ती हसत होती. ते हसणंच जास्त वाईट होतं.

वृषालीनं तोंडावर हात धरला. रणजितनं मोबाइल काढून त्या डाव्या चित्राचा फोटो घेतला. का घेतला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"सोमवारी करूया," तो म्हणाला.

---

संध्याकाळी केतकी भावाच्या घरी गेली. मनवा कॉटवर बसून नळीनं पेज पीत होती. चेहरा सुजलेला, पण डोळे नेहमीसारखेच चौकस.

"आत्तू, पप्पाच्या मोबाइलमधली ती ताई कोण आहे?" दात न उघडता तिनं विचारलं.

केतकीनं रणजितकडे बघितलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

मनवाला झोपवून तिघं स्वयंपाकघरात बसली. केतकीनं सगळं सांगितलं. मुलांचं हाड कसं घडतं, व्यायामानं किती मुलं बरी झाली, कानाजवळून चेहऱ्याची नस जाते आणि तिथे हात घालायचा तर जोखीम किती. पेशंटांच्या आईबापांना हेच सांगताना ते कसे मान डोलवतात! इथे तिचा सख्खा भाऊ टेबलावर सांडलेलं मीठ नखानं टोकरत होता.

"ताई, तू बोलतेस ते पटतं," रणजित म्हणाला. "पण ते चित्र?"

"ते चित्र म्हणजे मनवा नाही रे! तो अंदाज आहे."

"हजारो मुलांवरून काढलेला. तूच आणलंस ना ते यंत्र? घरी येऊन तूच त्याचे गोडवे गात होतीस."

हे खरं होतं आणि त्याचाच केतकीला राग आला.

"आपण दोघं बाबांच्या गाडीवर पुढे उभे राहायचो," रणजित एकदम म्हणाला. "आपल्याला काही झालं नाही."

"तेव्हा गाडी स्वतःच्या मनानं ब्रेक मारत नव्हती."

"म्हणजे माझीच चूक. बोल की सरळ!" त्याचा आवाज चढला. "माझ्यामुळे झालंय, मला कळतंय. म्हणून म्हणतो, एकदाचं होऊन जाऊ दे. तू म्हणतेस तो व्यायाम म्हणजे काय? रोज तिचं तोंड उघडायचं, रोज ती रडणार, आणि वर्षानुवर्षं मी ते बघत बसायचं. माझ्याच्यानं नाही होणार."

वृषालीनं खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "ताई, तो फोटो यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या मावशीनं विचारलं, लग्नाचं कसं होणार गं हिच्या." तिचे डोळे भरून आले. "मी भांडले तिच्याशी. पण मलाही आता मनवाकडे बघितलं की तेच दिसतं. तुम्ही मला ते विसरायला लावू शकता का? नाही ना? मग नका बोलू."

केतकी घरी निघाली. जिन्यातच तिला रडू फुटलं. आयुष्यभर परक्यांची पोरं बरी केली, आणि घरच्या पोरीच्या बाबतीत घरचेच यंत्राचं ऐकतात. बरं, यंत्र खोटं बोलतंय असं म्हणावं, तर ते खोटं तरी का बोलेल? त्याला कुठे कुणाशी वैर आहे?

---

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजी घेताना पाठीमागून हाक आली. "मॅडम! ओळखलं न्हाई काय?"

सुरेखाबाई शेवाळे. गुऱ्हाळवाल्यांच्या घरातल्या. त्यांच्याबरोबर एक उंच, आडदांड पोरगा कच्चं गाजर कडाकडा चावत उभा होता. मिसरूड फुटलेलं, मान बैलासारखी.

"ह्यो आमचा उदय. ट्रॅक्टरवरनं पडलावता न्हाई का, तोंड उघडायच्या व्यायामाला तुम्ही काड्या दिल्यावत्या दातांत घालायला? आता तालमीत जातोय."

केतकी त्याच्याकडे बघतच राहिली. हनुवटी नाकाच्या बरोबर खाली, ओळंबा लावल्यासारखी. याची तर दोन्ही बोंडं मोडली होती! मनवापेक्षा कितीतरी वाईट.

"अहो, मग परत दाखवायला का नाही आणलंत? मी दरवर्षी या म्हणून सांगितलं होतं."

"चांगला हाय की. मग कशाला यायचं?" सुरेखाबाईंना प्रश्नच कळला नाही. "बरं झाल्यावर कोण दवाखान्याची पायरी चढतंय मॅडम? तिथनं निघताना आम्ही येतो म्हणूनसुदिक म्हणत न्हाई. तसंच गुमान निघायचं असतंय."

ते खरंच होतं. कुणाच्याही घरून निघताना आपण "येतो" म्हणतो. दवाखान्यातून निघताना मात्र कुणी म्हणत नाही, म्हटलं तर पुन्हा यावं लागतं म्हणे. केतकीनं हे हजार वेळा पाहिलं होतं. आज तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"उदय," ती म्हणाली, "तोंड उघड बघू. मोठं."

भर मंडईत त्या पैलवानानं गाजराच्या तुकड्यांसकट आ केला. तोंडात तीन बोटं उभी मावून जागा उरली असती.

---

"इमरान, मुखवेधनं बरी झालेली मुलं बघितलीत का?" दारातूनच तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"ऑपरेशन न करता व्यायामावर ठेवलेली मुलं. त्यांचे पहिल्या दिवसाचे स्कॅन आपण पाठवले. मोठं झाल्यावरचे कुणाचे पाठवले?"

इमराननं विचार केला. तो हुशार होता, त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि मग काळजी. "जी परत आली त्यांचे."

"आणि परत कोण आली?"

"ज्यांचं तोंड उघडेना, चेहरा वाकडा झाला, ती."

"बरी झालेली?"

"ती कशाला येतील मॅडम."

केतकीनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी साधी गोष्ट! ऑपरेशन केलेल्या मुलांना पट्टीवाली कंपनी फोन करकरून दरवर्षी बोलावत होती. त्यामुळे त्यांच्यातली सगळी, चांगली आणि वाईट, यंत्राला दिसली होती. व्यायामावर ठेवलेल्यांपैकी फक्त बिघडलेली दिसली. ज्याला जन्मभर आजारीच माणसं दाखवली, तो माणसाचं चित्र कसं काढणार? आजारीच काढणार. मुखवेध खोटं बोलत नव्हतं. त्याला जे दाखवलं तेच ते इमानेइतबारे सांगत होतं, आणि दाखवणारी होती केतकी स्वतः.

"मग आता बदलू ते," केतकी म्हणाली. "मंडईत भेटलेल्या उदयचा स्कॅन घालू."

"एकानं काही होत नाही. आणि मुख्य यंत्र बेंगळुरूला आहे. इथून आपण नुसते पाठवतो, ते तपासून घेतात, मग पुढच्या आवृत्तीत येतं."

"कधी?"

"पावसाळ्यानंतर वगैरे."

"ऑपरेशन सोमवारी आहे इमरान!"

"मला माहीत आहे मॅडम. पण पडद्यावर ऑपरेशनला हिरवं आणि व्यायामाला लाल आलंय. पालक ऑपरेशन मागतायत. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवलेलं लक्षात ठेवणारे विद्यार्थी मिळावेत आणि त्यांचा असा राग यावा, याहून वैताग तो काय!

तिनं फोन लावायला सुरुवात केली. जुन्या पेशंटांचे आईबाप. यंत्राला वेळेत नाही, तरी भाऊ-भावजयीला बरी झालेली पोरं सोमवारच्या आत दाखवता आली असती.

"मॅडम, काही निघालं का तिच्यात?" पहिल्याच आईनं घाबरून विचारलं.

"नाही हो, ती बरी आहे म्हणून बोलावतेय."

"बरी आहे, तर मग कशाला?"

"बरी आहे हेच बघायचंय."

"ह्यांना विचारून सांगते," आणि फोन बंद. दुसऱ्यांकडे परीक्षा होती. तिसरे म्हणाले, मुलाला त्यातलं काही आठवत नाही, कशाला उगाच आठवण. एका बापानं तर सरळ सांगितलं, "मॅडम, तुमचे उपकार आहेत. पण त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायला सांगू नका." चांगल्या केलेल्या पोरांपैकी एकही पोर तिच्या दाराशी यायला तयार नव्हतं. केतकीनं हात टेकले. फोन टेबलावर आपटला, मग तो फुटला नाही ना म्हणून उचलून पाहिला.

शेवटचा फोन सुरेखाबाईंना होता. त्या हसल्याच. "अवो, दवाखान्यात या म्हटल्यावर कोण यील? आमच्या गुऱ्हाळावर बोलवा की! रविवारी गुळाचं आधण उतरायचंय काहिलीतनं. बघा, कशी पळत येत्यात."

---

आली. सगळी आली.

नदीकाठच्या शेवाळ्यांच्या गुऱ्हाळावर रविवारी सकाळी पोरांचा नुसता कालवा होता. चुलवणाच्या भट्टीचा धूर, मोठ्या काहिलीत आटणाऱ्या रसाचा वास, आणि चिपाडांच्या ढिगावर बसून ऊस सोलणारी मुलं. दातानं सोलणारी. उसाचं पेर दाढेत धरायचं, मनगटाला हिसका द्यायचा आणि साल टरकावून काढायची. जबड्याची याहून कडक परीक्षा कुठल्या इस्पितळात नसेल.

केतकीनं भावाला आणि वृषालीला मनवासकट आणलं होतं, जवळजवळ ओढूनच. मनवा तोंडावर स्कार्फ बांधून आईला चिकटून उभी होती. दोन दिवसांपासून ती हनुवटी झाकूनच फिरत होती. ती ताई कोण, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

"वृषाली," केतकी म्हणाली, "ह्या पोरांत काहींचे जबडे लहानपणी मोडले होते. काही नुसती शेजारपाजारची आहेत. कुणाचे मोडले होते ते सांग."

"माझी परीक्षा घेताय ताई?" वृषालीचा आवाज कडवट होता.

"घेतेय. उद्या माझी आहे."

वृषालीनं रागानंच पोरांकडे नजर टाकली. मग नजर रेंगाळली. ती एकेका चेहऱ्यापाशी थांबायला लागली. तिनं एका मुलाकडे बोट केलं, त्याची हनुवटी किंचित उजवीकडे होती.

"त्यो माझा पुतण्या," सुरेखाबाई म्हणाल्या. "त्याला कधी काही झालं न्हाई. जन्मल्यापासनं तसाच हाय त्यो."

वृषालीनं आणखी एक पोरगी दाखवली. तीही चुकली. केतकीनं मग नावानं हाका मारल्या, तशी उदय उठला, दोन वेण्यांची एक मुलगी उठली, गुळानं बरबटलेली दोन भावंडं उठली, आणखी काही उठली. वृषाली त्यांच्यावरून नजर फिरवताना पुन्हा पुन्हा मागे जात होती. रणजितनं मोबाइल काढला, ते चित्र उघडलं, आणि चित्रातली हनुवटी समोर कुठे दिसते का ते शोधू लागला.

ती दिसली. चुलवणाच्या पलीकडे, सगळ्यांपासून थोडी बाजूला, एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वाटीतून काकवी बोटानं चाटत होती. हनुवटी डावीकडे घसरलेली. ओठ तिरपे. तिच्या हातात ऊस नव्हता.

"ताई," रणजित दबक्या आवाजात म्हणाला, "ही?"

"ही रेश्मा. हिचंही बोंड मनवासारखंच मोडलं होतं. हिला मी मुद्दाम बोलावलंय."

"म्हणजे हे होतंच!"

"होतं. मी नाही कुठे म्हणाले?"

रेश्माची आई जवळच उभी होती. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "बाई, आमचंच चुकलं. काड्या घातल्या की रडायची. मग भाकरी खायला लागली. आम्हाला वाटलं, खातीय की, झालं आता. बंद केलं." ती केतकीकडे न बघता बोलत होती. "आता दोन बोटंसुदिक जात न्हाईत. आता मोठं ऑपरेशन सांगितलंय."

काहिलीत रस उकळत होता, एक माणूस लांब झाऱ्यानं मळी काढत होता.

वृषाली रेश्माकडे बघत राहिली, मग नवऱ्याच्या हातातल्या मोबाइलकडे. "हा मनवाचा चेहरा नाही," ती सावकाश म्हणाली. "हा माझा आहे. मी कंटाळले, मला तिचं रडणं बघवलं नाही, तर काय होईल, ते आहे हे."

"तसंच आहे," केतकी म्हणाली.

"आणि मी कंटाळणार नाही, हे त्या यंत्राला कुठून माहीत?"

"त्याला न कंटाळलेली आई कुणी दाखवलीच नाही."

रणजित मागे वळून नदीकडे चालायला लागला. थोडा गेला, परत आला. "आणि कंटाळलो तर?" त्यानं विचारलं. "मी खरं विचारतोय ताई. मी असल्या बाबतीत कच्चा माणूस आहे. तुलाही माहीत आहे ते."

"मग ऑपरेशन कर," केतकी भडकून म्हणाली. "रोज करणार नसलास तर उद्याच कर! व्यायाम न करता नुसतं घरी ठेवण्यापेक्षा ते बरं. मी काही जादू सांगत नाहीये रणजित. मी कटकट सांगतेय. वर्षानुवर्षांची कटकट!"

तेवढ्यात मनवानं स्कार्फ खाली ओढला. समोर रेश्मा येऊन उभी होती, काकवीची वाटी पुढे करून. मनवाला चावता येत नव्हतं आणि रेश्मालाही येत नव्हतं. दोघींनी एकाच वाटीत बोटं बुडवली.

---

सोमवारी ऑपरेशन झालं नाही. इमराननं दोघांच्या सह्या घेतल्या, की यंत्राचा सल्ला आम्ही समजून-उमजून नाकारत आहोत. सही करताना रणजितनं केतकीकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती तिला बरेच दिवस झोपू देणार नव्हती.

मग काड्या सुरू झाल्या. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या, एकीवर एक ठेवून वरच्या-खालच्या दातांत सरकवायच्या, आणि सवय झाली की आणखी एक घालायची. मनवा किंचाळायची. थुंकायची. वृषालीच्या बोटाचा तिनं एकदा चावा घेतला, तर केतकी फोनवर म्हणाली, "वा, चावता यायला लागलं!" आणि वृषालीनं रागानं फोन ठेवून दिला. रणजित काड्यांच्या वेळेला चप्पल घालून बाहेर निघून जायचा. नणंद-भावजयीत बोलणं उरलं ते फक्त काड्यांचं.

मग एकदा वृषाली तापानं पडली. मनवा काड्या घेऊन स्वतःच बापापुढे जाऊन बसली. रणजितनं सबबी काढून पाहिल्या. शेवटी त्यानं काड्या हातात घेतल्या, आणि मनवा रडायच्या आधी तोच रडला. मनवाला त्याचं इतकं नवल वाटलं की ती रडायची विसरली. पुढे ते काम त्याच्याकडेच राहिलं. स्कूटरवर तो आता मनवाला मागे बसवायचा. ती काही दिसत नाही म्हणून कुरकुर करायची आणि तो ती कुरकुर ऐकून घ्यायचा.

केतकीनं बेंगळुरूला उदयचा स्कॅन पाठवला, दोन वेण्यांच्या मुलीचा पाठवला, गुऱ्हाळावरच्या पोरांपैकी जी जी इस्पितळाच्या जिन्यापर्यंत आली त्यांचे पाठवले. जी आली नाहीत त्यांच्यासाठी पदर पसरला, भांडली, आयांच्या शिव्या खाल्ल्या. उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. पावसाळा आला आणि गेला, नवी आवृत्ती आली, आणि मुखवेध व्यायामावर ठेवलेल्या मुलांची तीच वाकडी चित्रं काढत राहिलं. थोडी कमी वाकडी, इमरान म्हणायचा. केतकीला काही फरक दिसत नव्हता.

ऊस पुन्हा तोडणीला आला तेव्हा मनवा तपासणीला आली. केतकीनं तिला तोंड उघडायला सांगितलं. मनवानं आपली तीन बोटं उभी करून आत घातली आणि डोळे मोठे करून आत्याकडे बघितलं. हनुवटी सरळ होती. आजतरी होती. वाढ पुरी व्हायला अजून खूप वर्षं होती, आणि केतकी खोटं आश्वासन देणाऱ्यातली नव्हती.

"छान आहे," ती एवढंच म्हणाली. "काड्या बंद करायच्या नाहीत."

"कोण करतंय बंद," वृषाली म्हणाली. फटकळपणे, पण त्यात आता राग नव्हता.

बाहेर बाकावर एक जोडपं बसलं होतं. मांडीवर पट्टी बांधलेला लहान मुलगा. इमरानच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतल्या पडद्यावर दोन चेहरे होते, एक सरळ, एक वाकडा. बाईनं तोंडावर हात धरला होता. केतकी दारातच थांबली. आता पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच समजावणं, पुन्हा त्याच माना, पुन्हा ते चित्र. तिला इतका थकवा आला की तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं.

मनवानं निघताना हात हलवला. "येते हं आत्तू!"

बाकावरची बाई दचकून वळली. स्वतःच्या दुःखातूनही तिला राहवलं नाही. "बाळा, दवाखान्यात असं म्हणू नये गं. परत यावं लागतं."

वृषाली थांबली. तिनं त्या बाईकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं, मग उघड्या दारातून पडद्यावरच्या त्या वाकड्या चेहऱ्याकडे. आणि तिनं मनवाच्या पाठीवर हात ठेवून तिला त्या बाईच्या समोर उभं केलं.

"म्हण मनू. जोरात म्हण."

मनवानं तोंड उघडलं, पूर्ण, सगळे दात दिसतील एवढं.

"येतेऽऽऽ!"